समासटीपा

समासटीपा : ग्रंथ वाचताना वाचकाने समासात, ओळींच्या मधल्या जागेत किंवा कोऱ्या पानांवर स्वहस्ते केलेल्या नोंदी. शंका, खंडन, दुरुस्ती, अन्य ग्रंथांचे संदर्भ, सारांश इ. प्रकारांच्या या नोंदींत व्यापक अर्थाने अधोरेखन व खुणा यांचाही अंतर्भाव होतो. ग्रंथकाराने दिलेल्या तळटीपांहून त्या भिन्न होत. वाचकाच्या दृष्टीने त्या मननाचे साधन, तर इतिहासकाराच्या दृष्टीने ग्रंथ प्रत्यक्षात कसा वाचला गेला याचा पुरावा ठरतात.

यूरोपातील मध्ययुगीन हस्तलिखितांत मूळ संहितेभोवती टीका लिहिण्याची पद्धत होती. भारतीय पोथ्यांतही गळलेली अक्षरे व दुरुस्त्या समासात लिहीत. मुद्रणाच्या प्रसारानंतरही ही सवय टिकली. फ्रेंच निबंधकार माँतेन (१५३३–९२) स्वतःची स्मरणशक्ती दुबळी मानी. म्हणून वाचन संपल्याची तारीख व आपले मत तो ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवी. इंग्रज कवी कोलरिज (१७७२–१८३४) याला उसनी दिलेली पुस्तके टीपांनी समृद्ध होऊन परत येत, असे त्याचा मित्र चार्ल्स लँब याने नमूद केले आहे. ‘मार्जिनेलिया’ ही संज्ञा कोलरिजनेच १८१९ मध्ये इंग्रजीत रूढ केली.

फ्रेंच गणितज्ञ फेर्मा (मृत्यू १६६५) याने डायोफँटसच्या ग्रंथाच्या १६२१ च्या आवृत्तीत आपले प्रसिद्ध प्रमेय लिहिले. त्याची सिद्धता मावण्यास समास अपुरा आहे, असेही त्याने नोंदविले. ती प्रत आज उपलब्ध नाही. परंतु त्याच्या मुलाने त्या टीपा १६७० मध्ये छापल्यामुळे प्रमेय टिकले. अँड्र्यू वाइल्स यांनी दिलेली त्याची सिद्धता १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

समासटीपांचे ऐतिहासिक मोल कोपर्निकसच्या १५४३ मधील ग्रंथाच्या प्रतींवरून विशेषत्वाने स्पष्ट झाले. तो ग्रंथ फारसा कोणी वाचलाच नाही, असे मत आर्थर केस्लर यांनी १९५९ मध्ये मांडले होते. अमेरिकन खगोलज्ञ ओएन गिंगरिच यांना १९७० मध्ये एडिंबरो येथे एरास्मुस राइनहोल्ट या समकालीन ज्योतिर्विदाची टीपांनी भरलेली प्रत आढळली. पुढे सु. तीन दशके त्यांनी पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सु. ६०० प्रतींचा शोध घेतला व त्यांची सूची २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रंथ बारकाईने वाचला गेला होता, आणि गुरूच्या टीपा शिष्य आपल्या प्रतींत उतरवून घेत, हे तीवरून दिसून आले. राइनहोल्टच्या टीपा सूर्यकेंद्री मांडणीच्या भागात विरळ, तर गणिती भागात दाट आहेत. त्याला नव्या विश्वरचनेपेक्षा एकविध वर्तुळाकार गतीचे गणित महत्त्वाचे वाटले, असे त्यांवरून अनुमान निघते. केप्लरजवळील प्रतीत आधीच्या मालकाने केलेल्या नोंदीवरून निनावी प्रस्तावनेचा लेखक ओसिआंडर असल्याचे उघड झाले. चर्चने १६२० मध्ये सुचविलेल्या दुरुस्त्या इटलीतील बहुसंख्य प्रतींत केलेल्या आढळतात. इटलीबाहेर मात्र त्या क्वचितच दिसतात. आदेश काय होता हे कागदपत्रांवरून कळते. तो कोठे पाळला गेला, हे समासांनी सांगितले.

महाराष्ट्राच्या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथसंग्रह उल्लेखनीय आहे. कोलंबिया विद्यापीठात ज्यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, त्या जॉन ड्यूई यांच्या ग्रंथांच्या, त्यांनी खुणा केलेल्या प्रती मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. लोकशाहीविषयक त्यांच्या विचारांच्या जडणघडणीचा अभ्यास करणाऱ्यांना त्या उपयुक्त ठरल्या आहेत.

हा पुरावा तपासूनच वापरावा लागतो. हस्ताक्षर कोणाचे, टीप केव्हाची, ती स्वतंत्र की उतरवून घेतलेली, हे ठरवावे लागते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रतीत लिहिणे अर्थातच समर्थनीय नाही. तथापि जुन्या ग्रंथांची पाने धुऊन ‘स्वच्छ’ करण्याच्या आणि नव्या बांधणीच्या वेळी समास कातरण्याच्या प्रथेमुळे असंख्य टीपा नष्ट झाल्या. मुद्रित मजकूर अन्य प्रतींतून मिळू शकतो. समासातील नोंद मात्र बहुधा त्या एकाच प्रतीत असते. म्हणूनच एखाद्या आवृत्तीची कोरी प्रत संग्रही असली, तरी टीपांनी भरलेली प्रत निकामी ठरवून काढून टाकणे योग्य नव्हे.