रामकुंड कोरडं, रामकुंड बुडालेलं: नाशिकचं एक वर्ष आणि त्यामागची दीडशे वर्षं

आजचा भाग नाशिकचा आहे, आणि तो एका वजाबाकीपासून सुरू होतो.

एप्रिल २०१६. रामकुंड कोरडं पडलं होतं. गोदावरीच्या काठावर आयुष्य काढलेली माणसं घाटावर येऊन फक्त बघत उभी राहायची. तेव्हाच्या बातम्यांत एक आकडा फिरत होता: १३९ वर्षांत पहिल्यांदा. २०१६ मधून १३९ वजा करा. उत्तर येतं १८७७. हे वर्ष लक्षात ठेवा, आपण तिकडे जाणार आहोत.

पण त्याआधी कॅलेंडर चार महिने पुढे ढकला. २ ऑगस्ट २०१६. त्याच रामकुंडावर गोदावरीला महापूर. घाटावरची देवळं पाण्यात आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढलेलं. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगतो, हा मारुती म्हणजे आमचा पूर मोजायचा मीटर. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याला लागलं, अशी मोजणी चालते. त्याच्यापुढचं माप म्हणजे सरकारवाड्याच्या पायऱ्या आणि नारोशंकराची घंटा.

एकाच वर्षात, एकाच कुंडात, आधी थेंब नाही आणि मग महापूर. मग साहजिक प्रश्न येतो: हे क्लायमेट चेंज आहे का? या प्रश्नाला लोक पटकन ‘हो’ म्हणतात किंवा पटकन ‘नाही’ म्हणतात. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. आधी इतिहास बघू.

१८७७

१८७६ साली दख्खनमध्ये पावसाने पाठ फिरवली आणि १८७७ मध्येही देशाच्या मोठ्या भागात मान्सून फसला. १८७६ ते ७८ चा हा दुष्काळ देशातल्या सगळ्यात भीषण दुष्काळांपैकी एक. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ५० लाखांच्या खाली सहसा कुणी जात नाही.

आज आपल्याला माहीत आहे की १८७७ हे अतिशय तीव्र एल निनोचं वर्ष होतं. एल निनो म्हणजे काय? प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापतं. त्यामुळे गरम हवा जिथे वर चढून ढग बनवते ती जागा पूर्वेकडे सरकते. त्याच्या बदल्यात आपल्या बाजूला हवा खाली बसायला लागते. हवा खाली बसली की ढग वाढत नाहीत आणि मान्सून कमजोर पडतो. हजारो किलोमीटरवरच्या समुद्राचं तापमान आणि सिन्नरच्या शेतातली बाजरी, यांच्यातला हा धागा.

आता २०१५ बघा. तेही अतिशय तीव्र एल निनोचं वर्ष. त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थ कुंभमेळा होता, महाराष्ट्रात दुष्काळ होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात रामकुंड आटलं. म्हणजे १८७७ आणि २०१६ यांच्यात जो दुवा आहे तो एल निनोचा. आणि एल निनो माणसाने बनवलेला नाही. तो हजारो वर्षांपासून येतोय.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. १८७७ मध्ये माणसं फक्त पावसाअभावी मेली नाहीत. देशातून धान्याची निर्यात चालूच होती. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी कमी करून दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली. दिवसभर खडी फोडायची आणि एवढंच खायचं. पुणे सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला, दुष्काळाची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. त्यामुळे हवामानाचा इतिहास वाचताना दोन कॉलम ठेवायचे: आकाशातून काय आलं, आणि जमिनीवर माणसांनी काय ठरवलं.

सिमला ऑफिस

भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं, म्हणजे या दुष्काळाच्या तोंडावर. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. सरकारचा त्यांच्याकडे एकच आग्रह होता: पुढचा पाऊस कसा पडेल ते आधी सांगा. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाकडे बघितलं. हिमालयात बर्फ जास्त असेल तर पुढचा मान्सून कमजोर, असा त्यांचा आडाखा. १८८६ पासून मान्सूनचा अधिकृत अंदाज द्यायला सुरुवात झाली. पण १८९९ साली अंदाज साफ चुकला आणि पुन्हा मोठा दुष्काळ आला.

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. हे हवामानाचे नव्हे, गणिताचे माणूस. केंब्रिजचे टॉपर, बूमरँगचा अभ्यास करायचे म्हणून मित्र त्यांना ‘बूमरँग वॉकर’ म्हणायचे. त्यांनी केलं ते आजच्या भाषेत डेटा सायन्स. जगभरच्या केंद्रांतले हवेचा दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे गोळा केले आणि कशाचा कशाशी संबंध लागतो ते तपासत गेले. मी रोज कोड लिहितो, कोरिलेशन काढायला मला एक ओळ लागते. वॉकरच्या ऑफिसात हे काम भारतीय कारकून हाताने करत होते, वर्षानुवर्षं, कागदावर. त्या आकडेमोडीतून ‘सदर्न ऑसिलेशन’ सापडलं: प्रशांत महासागराच्या एका बाजूला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो आणि उलट. पुढे १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी याची एल निनोशी सांगड घातली. ज्या कारकुनांनी ती गणितं केली त्यांची नावं मात्र कोणाच्या तोंडी नाहीत.

१९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं. नाशिकहून एसटीने शिवाजीनगरला उतरलात तर जवळच ‘सिमला ऑफिस’ आहे. पुण्यात सिमला कुठून आलं, याचं उत्तर हे. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, नाव राहिलं. आणि १९६२ पासून पुण्यातच उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे, जिला सगळे आयआयटीएम म्हणतात. ही संस्था आपल्याला पुढे लागणार आहे.

वॉकरच्या गोष्टीत एक इशारा लपलाय. त्यांनी शोधलेले बरेच संबंध पुढच्या दशकांत सैल पडले. १९९७ मध्ये जबरदस्त एल निनो होता, तरी भारतात पाऊस जवळपास सरासरीइतका झाला. मागच्या आकड्यांवरून बांधलेला नियम पुढे तसाच चालेल, याची गॅरंटी नसते.

दुसरी गोष्ट, त्याच काळातली

जेव्हा ब्लॅनफर्ड बर्फ मोजत होते, तेव्हा जगात दुसरीकडे वेगळाच प्रश्न सुटत होता. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी प्रयोगातून दाखवलं की हे वायू उष्णता शोषतात. १८९६ मध्ये स्वांते आर्‍हेनियस यांनी हातानेच गणित करून सांगितलं की हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर नावाच्या इंजिनिअरने, जो वाफेच्या यंत्रांचा जाणकार होता, जुन्या नोंदी जुळवून मांडलं की पृथ्वी तापायला लागलीय. आणि १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी रोजची मोजणी सुरू केली. तेव्हा दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३१५ च्या आसपास होता. आज ४२० च्या वर आहे. कारखान्यांचं युग सुरू होण्याआधी तो २८० होता.

म्हणजे एल निनो हा जुना झोका, तो चालूच आहे. पण आता सगळा झोपाळाच उंच जागी नेऊन टांगलाय.

आपल्याकडचे आकडे सांगतो. २०२० मध्ये केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने भारताच्या हवामानबदलाचा अहवाल काढला, त्याचं काम आयआयटीएममध्येच झालं. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. १९५१ ते २०१५ मध्ये उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे १ अंशाने तापला. आणि याच काळात भारतातला मान्सूनचा पाऊस साधारण ६ टक्क्यांनी कमी झाला.

ऐकताना गोंधळ होतो ना? पाऊस कमी झाला, मग पूर कसे वाढले?

हवा १ अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. थोडक्यात, बादली मोठी झाली. मोठी बादली भरायला वेळ लागतो, म्हणून कोरडे दिवस वाढतात. पण उलटते तेव्हा एकदम उलटते. २००६ मध्ये आयआयटीएमचे बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्यात आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्यात. २०१७ मध्ये रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की दिवसाला १५० मिमीपेक्षा जास्त अशा मोठ्या भागावर पडणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान जवळपास तिप्पट झाल्या. त्या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. या पावसाला बाष्प कोण पुरवतं? बऱ्याच अंशी तापलेला अरबी समुद्र.

सरासरी बघून हे कळतच नाही. शेतकऱ्याला सरासरी पाऊस कधीच मिळत नाही, त्याला मिळतो तो त्या दिवशीचा पाऊस.

नाशिकमध्ये याचा अर्थ काय

एका जिल्ह्यात किती हवामानं आहेत बघा. इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, नाशिक शहरात साधारण ७००, आणि येवला-नांदगावकडे त्याहून कमी. घाटाच्या सावलीतल्या याच कोरड्या पट्ट्यामुळे इथे द्राक्षं आली. द्राक्षाला पाणी मुळाशी लागतं, घडावर नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. नोव्हेंबरमध्ये वेल फुलोऱ्यात असताना पाऊस आला की घडकुज आणि डाऊनी. जानेवारीनंतर पाऊस आला की गोडी भरलेले मणी तडकतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१९ चा लांबलेला परतीचा पाऊस, २६ नोव्हेंबर २०२३ ची निफाडकडची गारपीट, या तारखा बागायतदारांना पाठ आहेत. यातल्या प्रत्येक गारपिटीचा दोष थेट तापमानवाढीवर टाकता येत नाही, गारांचं विज्ञान अजून अवघड आहे. पण हंगामाचं वेळापत्रक भरवशाचं राहिलं नाही, आणि बाग उभी असते कर्जावर.

इथे फळपीक विमा येतो. हवामानावर आधारित विमा म्हणजे अक्षरशः इफ-कंडिशन: महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात ठरल्यापेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर भरपाई. कंडिशन स्वच्छ आहे. पण ढग मंडळाची हद्द बघून बरसत नाही. पाऊस तुमच्या बागेवर पडला आणि केंद्रावर नाही, तर सिस्टिमसाठी तो पडलाच नाही.

आता पुराकडे. १९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झालं. तेव्हापासून दुतोंड्या मारुती फक्त पाऊस मोजत नाही. तो पाऊस, धरणातून केलेला विसर्ग, आणि नदीकाठी ओतलेलं काँक्रीट, अशी तिन्हींची बेरीज दाखवतो. गोदापात्रातल्या काँक्रीटने कुंडांचे जिवंत झरे बुजले, ही गोदाप्रेमींची जुनी तक्रार आहे. म्हणजे २०१६ चा कोरडेपणा असो की पूर, जमिनीवरचा कॉलम रिकामा नाहीच.

नदीकाठी दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. पण ‘१०० वर्षांतून एकदा’ हा हिशेब मागच्या नोंदींवरून काढलेला असतो. पावसाचा स्वभाव बदलला तर तोच पूर जास्त वेळा येईल आणि नकाशावरची रेष मात्र तिथेच राहील. वॉकरच्या नियमांचं जे झालं, ते पूररेषांचंही होऊ शकतं. आणि रेषा चुकली तर किंमत काझीपुरा, सराफ बाजार किंवा घाटावरचा फुलवाला मोजणार.

हे आत्ताच का बोलायचं? कारण पुढच्या सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. भर पावसाळ्यात, रामकुंडावर, लाखो माणसं. १ दिवसात १५० मिमी पाऊस आणि धरण भरलेलं, ही शक्यता धरूनच गर्दीचं आणि विसर्गाचं नियोजन व्हायला हवं. धरणातून किती पाणी, किती वाजता सोडणार, आणि ते घाटावर किती वेळात पोचणार, हे प्रत्येकाच्या फोनवर आधी यायला हवं. १८७७ च्या माणसांकडे अंदाज नव्हता. आपल्याकडे आहे.

जाता जाता एक काम देतो. घरात किंवा शेजारी कुणी १९६९ चा किंवा २००८ चा पूर बघितलेला असेल, तर त्यांना विचारा की पाणी नेमकं कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. जागा आणि साल लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. सगळ्या नोंदी जुळवून आपण एक नकाशा करू, आणि तो पूररेषेच्या नकाशाशेजारी ठेवून बघू.