वाईचा घाट पडद्यावर कुणाचा? छायालेखकाच्या बाजूने सातारा-सांगली

सातारा-सांगलीतल्या चित्रीकरणावर लिहायचं म्हटलं की आपण एक यादी काढतो: सिनेमा कुठला, गाव कुठलं, हिरो कोण. यादी करायला हरकत नाही, पण तिच्यातून आपोआप प्रश्न निघत नाही. आणि प्रश्न नसेल तर संशोधन म्हणजे नुसती वही भरणं. म्हणून आज तीच यादी छायालेखकाच्या, म्हणजे सिनेमॅटोग्राफरच्या बाजूने वाचून बघू. तीन नावं घेऊ.

पहिलं नाव महेश अणे. 'स्वदेस' (२००४) त्यांनी चित्रित केला आणि त्यासाठी ५२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट छायांकनाचा पुरस्कार मिळाला. सिनेमातलं चरणपूर म्हणजे बऱ्याच अंशी वाईजवळचं मेणवली. कृष्णेचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा असलेलं गाव. त्यातला रात्रीचा प्रसंग आठवा. गावात पडदा लावून सिनेमा चाललाय, मध्येच वीज जाते आणि लोक तारे बघू लागतात. अंधार तर वाटला पाहिजे, पण चेहरेही दिसले पाहिजेत. हे गणित छायालेखकाला सोडवावं लागतं. आपण मात्र गाणं आणि नट तेवढे लक्षात ठेवतो.

दुसरं नाव महेश लिमये. 'फॅशन' (२००८), 'नटरंग' (२०१०), 'बालगंधर्व' (२०११) हे त्यांचंच छायालेखन. पुढे त्यांनी 'यलो' (२०१४) दिग्दर्शित केला. 'दबंग' (२०१०) त्यांनी चित्रित केला तेव्हा वाई परिसर उत्तर प्रदेशातलं लालगंज झाला. त्याआधी प्रकाश झा यांच्या 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) मध्ये हाच परिसर बिहार झाला होता.

आता इथे प्रश्न निघतो बघा. नदी, घाट, देवळं, जुने वाडे, आणि मुंबई काही तासांवर. त्यामुळे वाई सोयीची, हे झालं निर्मात्याचं कारण. छायालेखकाचं काम वेगळं. त्याला हे गाव दाखवायचंही असतं आणि लपवायचंही असतं. चौकटीत मराठी पाटी किंवा लाल एसटी आली की उत्तर प्रदेश संपला! म्हणजे देशभरातल्या प्रेक्षकांनी वाई अनेकदा पाहिली, पण वाई म्हणून नाही.

तिसरं नाव देबू देवधर. 'प्रहार' (१९९१) आणि 'दायरा' (१९९६) त्यांच्याच कॅमेऱ्यातले. अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' (१९९५) हाही त्यांनीच चित्रित केला. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. व्यंकटेश माडगूळकरांची मूळ कादंबरी १९५५ची आणि तिचा मुलूख म्हणजे माणदेश: साताऱ्याचे माण-खटाव, सांगलीची आटपाडी. इथे छायालेखकापुढची अट नेमकी उलटी. हा मुलूख दुसरा कुठला वाटताच कामा नये. माळ, मेंढरं, धनगरांची वस्ती आणि शेवटी दुष्काळ, यांतलं काही झाकून चालणार नाही, कारण गोष्टच त्या जमिनीची आहे.

मालिकांकडेही बघा. 'लागिरं झालं जी' (२०१७-१९) सातारा परिसरात चित्रित झाली आणि तिथे सातारा स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बोलीत आला. पण रोजच्या मालिकेत छायालेखकाचं नाव पडद्यावरून झरकन निघून जातं. समीक्षेत तर ते क्वचितच येतं. जो जास्त दिवस चित्रित करतो, त्याचाच माग सगळ्यात पुसट राहतो.

असा विषय घेणार असाल तर तीन गोष्टी सुरुवातीलाच सांभाळा.

एक, 'गोष्ट कुठली' आणि 'चित्रीकरण कुठलं' हे दोन वेगळे रकाने ठेवा. एकावरून दुसरं गृहीत धरलं की पुढचा सगळा युक्तिवाद डळमळतो.

दोन, शब्द बदलून शोधा. श्रेयनामावलीत छायालेखन, छायाचित्रण, छायांकन, कॅमेरामन, डीओपी अशी सगळी रूपं येतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) जाण्याआधी ही यादी हाताशी असू द्या.

तीन, जिल्ह्याचं नाव तपासा. १९४९ साली साताऱ्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आटपाडी तर त्याआधी औंध संस्थानात होती. फक्त 'सांगली' शोधाल तर जुने कागद हातातून निसटतील.

एवढा खटाटोप कशासाठी? तर हा मुलूख बदलतोय म्हणून. कराडजवळच्या टेंभूहून उचललेलं कृष्णेचं पाणी आता आटपाडीपर्यंत पोचलंय. कोरड्या माळाची आठवण असलेली माणसं हळूहळू कमी होणार. उद्या कुणी विचारलं की हा भाग दिसायचा कसा, तर कागदांइतकीच चित्रफीतही पुढे ठेवावी लागेल. पण ती चौकट कुणी धरली, कुणासाठी धरली आणि तिच्याबाहेर काय ठेवलं, हे माहीत नसेल तर त्या पुराव्यात मेणवलीचं चरणपूरच वाचलं जाईल. म्हणून पुढचा सिनेमा बघताना नावं सरकायला लागली की लगेच उठू नका. वही काढा आणि छायालेखकाचं नाव लिहून घ्या.