गॅस संपत नाही, गळतो: गाडीच्या एसीची गोष्ट

रोडपालीतून बोलतोय. मे महिन्याची दुपार, कळंबोली सर्कलला ट्रॅफिक आणि एसीतून गरम वारा. पनवेल पट्ट्यात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी हे भोगलंय. यावर आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेलं एक उत्तर आहे: "गॅस संपला असेल, भरून घे." हे वाक्य आलं कुठून आणि आज ते का महागात पडतं, ते या भागात बघू.

आधी एक गोष्ट पक्की करू. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. मग डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळतो आणि केबिनमधली उष्णता ओढून घेतो. तोच गॅस परत कॉम्प्रेसरकडे. बंद चक्र आहे हे. होजमधून वर्षानुवर्षांत किंचित झिरपतो, तेवढंच. एका उन्हाळ्यात गॅस कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे.

आता मागे जाऊ. १९२० च्या दशकातल्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असायचे. जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पर्याय शोधला. १९३० मध्ये मिजलीने तो वायू सगळ्यांसमोर छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, हे दाखवायला! त्याच कुळातला आर-१२ पुढे गाड्यांत आला. १९३९ मध्ये अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने एसीची गाडी दाखवली. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी कायमचा बंद ठेवायचा तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे.

आपल्याकडे तेव्हा आणि नंतरही बरीच वर्षं गाडीतला एसी म्हणजे चैन. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला दाराशी तिकोनी काच होती. ती फिरवली की वारा थेट तोंडावर. बहुतेक काळ्या-पिवळ्या टॅक्सीत हाच एसी!

ज्या गाड्यांत आर-१२ चा एसी होता, तिथे मेकॅनिक एका छोट्या काचेतून आत बघायचा. बुडबुडे दिसले की गॅस सोडायचा, बुडबुडे थांबले की काम झालं. गळती शोधण्यापेक्षा गॅस भरणं सोपं. "भरून घे" ही सवय तिथे रुजली.

पण त्या गॅसचा हिशोब वर आकाशात लागत होता. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की या वायूंमधला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राचा शोध जाहीर झाला, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला आणि १ ऑगस्ट २००८ पासून, काही औषधी वापर सोडले, तर इथलं सीएफसी उत्पादन थांबलं.

गाड्यांमध्ये आला आर-१३४ए. यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोन वाचला. पण तापमानवाढीच्या बाबतीत हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट. म्हणजे अर्धा किलो गॅस हवेत सोडणं हे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखं! म्हणूनच २०१६ च्या किगाली करारात भारताने असे वायू २०३२ पासून टप्प्याटप्प्याने, २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचं मान्य केलं.

या गॅसवर बुडबुड्यांचा अंदाज चालत नाही. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एकूण गॅसच अर्धा किलोच्या आसपास असतो. शंभर ग्रॅम कमी झाला तरी फरक पडतो आणि जास्त भरला तरी थंडावा घटतो. किती ग्रॅम हवा ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. तेवढाच, वजन करून भरायचा.

माझे मामा कॅब चालवतात. तीन उन्हाळे दरवर्षी गॅस भरला, दरवर्षी महिन्या-दोन महिन्यांत वारा गरम. पॅसेंजर ट्रिप कॅन्सल करायचे, रेटिंग घसरायचं. चौथ्या वर्षी एका मेकॅनिकने पाइपांत नायट्रोजनचा दाब दिला आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले! एक रबरी ओ-रिंग गेली होती. सगळ्यात स्वस्त पार्ट.

म्हणून गरम हवा आली की क्रमाने बघा. एक्सप्रेसवेवर थंड आणि सिग्नलला गरम? मग आधी कंडेन्सरचा फॅन फिरतोय का आणि जाळीत धूळ बसलीये का ते बघा. आपल्या स्टील मार्केटच्या रस्त्यांवर धुळीला तोटा नाही. वारा थंड आहे पण कमी येतोय? केबिन फिल्टर. एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा क्लच पकडतच नाही? फ्यूज, रिले, सेन्सर किंवा गॅस. जोडावर तेलकट डाग? गॅससोबत तेलही फिरतं, त्यामुळे गळती बऱ्याचदा तिथेच सापडते. दुरुस्ती झाली की आधी व्हॅक्यूम, मग गॅस. आणि उरलेला जुना गॅस मशीनने काढून घेतात का, हे विचारा. हवेत सोडत असतील तर दुसरं गॅरेज बघा.

८ जून २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीये. कळंबोलीत रात्रंदिवस उभ्या असणाऱ्या ट्रकवाल्यांना हा थंडावा फार उशिरा मिळतोय. त्यांच्या केबिनमध्येही एखाद्या उन्हाळ्यात गरम वारा येईल आणि कुणीतरी म्हणेल, "गॅस संपलाय." तेव्हा शेजारी तुम्ही असाल तर एकच प्रश्न विचारा: "संपला, की गळला?"

भेटू पुढच्या भागात.