‘शेतकरी’ ह्या शब्दाची हद्द : धाराशिव जिल्ह्यातील शेतीभांडवल व कामकऱ्यांचे शिक्षण

धाराशिव जिल्ह्यात शेतीसाठी पैसा व शिक्षण कसे पोहोचले, ह्याचा इतिहास सामान्यतः कायदे, संस्था व रकमा ह्यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. प्रस्तुत निबंधात तो ‘शेतकरी’ ह्या एका शब्दाच्या अनुषंगाने पाहावयाचा आहे. सरकारी साहाय्य कोणास मिळावे ह्याचा निर्णय पुष्कळदा ह्या शब्दाच्या अर्थानेच केलेला आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. ‘तगाई’ हा कर्जवाचक शब्द मूळ अरबी असून त्याचा धात्वर्थ ‘बळ देणे’ असा आहे. बी, बैल वा विहीर ह्यांसाठी सरकारने आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे तगाई. परंतु हे बळ कोणास द्यावयाचे, हे जमिनीच्या दप्तरावरून ठरे. ज्याचे नाव दप्तरात, तो खातेदार. जो खातेदार, तोच कर्जास पात्र. १९१४ साली हैदराबाद राज्यात सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तरी जमीन हेच तारण राहिले. ह्यात कारभाराची सोय होती, हे मान्य केले पाहिजे; बुडीत कर्जाची वसुली अखेर जमिनीवरूनच होणार. तथापि ज्याच्या नावे जमीन नाही त्यास सावकाराचे दार किंवा सालाची चाकरी, एवढेच दोन मार्ग उरत. सालगडी ठेवताना साल ठरे ते गड्याचे. त्याची बायको शेतावर राबे, पण तिचे श्रम पुष्कळदा त्याच बोलीत धरले जात.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीतील ‘-ईण’ हा स्त्रीप्रत्यय काही शब्दांत धंदा दाखवितो, तर काहींत केवळ नाते. सुईण हा धंदा आहे. पाटलीण हे नाते आहे. शेतकरीण हा शब्द दुसऱ्या वर्गात पडला. शेतकऱ्याची बायको ती शेतकरीण, मग खुरपणी, वेचणी व मळणी तिने केलेली असो वा नसो. ‘कुणबीण’ ह्या शब्दाची गत तर ह्याहून वाईट झाली. कुणबी म्हणजे शेती करणारा. परंतु पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. भाषेने ज्या बाईस कसणारी म्हणून ओळखले नाही, तिला दप्तराने ओळखले नाही, ह्यात नवल नाही.

हैदराबाद राज्य भारतात विलीन झाल्यावर १९४९ साली जहागिरी नष्ट झाल्या व १९५० साली कुळकायदा आला. त्यामुळे खातेदारांचा वर्ग रुंदावला, त्याची व्याख्या मात्र बदलली नाही. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. ए. डी. गोरवाला हे ह्या समितीचे अध्यक्ष व प्रा. धनंजयराव गाडगीळ हे एक सदस्य होते. ग्रामीण कर्जापैकी अवघे ३ टक्क्यांच्या आसपास सहकारी संस्थांकडून व जवळजवळ ७० टक्के सावकारांकडून येत असल्याचे तिला आढळले. कर्ज जमिनीच्या तारणावर न देता येणाऱ्या पिकाच्या भरवशावर द्यावे, ही तिची सूचना मोलाची होती. प्रत्यक्षात पीककर्जाचे मान ठरले ते खात्यावरील एकरांवरून. शिक्षणाचेही तेच झाले. विस्तारखात्याची पीक-प्रात्यक्षिके ‘प्रगतिशील शेतकऱ्या’च्या रानात होत, आणि प्रगतिशील ठरण्यास आधी रान नावावर असावे लागे.

१९७२ च्या दुष्काळाने ह्या चौकटीबाहेरचा माणूस प्रथमच राज्याच्या हिशेबात आला. रोजगार हमी योजना त्याच साली सुरू झाली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरातील कमावत्यांवरील व्यवसायकरातून तिला पैसा मिळाला, आणि पुरुष व स्त्री ह्यांस समान दर लागू झाला. सातबारा न मागता केवळ श्रमाच्या तयारीवर मिळणारी ही मदत असल्याने तिचे महत्त्व थोर आहे. परंतु कायद्याने हमी दिली ती ‘अकुशल’ अंगमेहनतीच्या कामाची. बांध घालणे व पाझर तलाव खोदणे ही कामे ज्यांनी वर्षानुवर्षे केली, त्यांच्या हातांत काही कौशल्य साठले असेल ही शक्यता त्या विशेषणाने आधीच मोडीत काढली. पैसा पोहोचला, शिक्षण मागे राहिले.

दोन्ही एकत्र आल्याचे उदाहरण जिल्ह्यास एका आपत्तीतून लाभले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) ह्या जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे दगावली. धाराशिव जिल्ह्यात उमरगा-लोहाऱ्याचा भाग विशेष होरपळला. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने पुनर्वसन सुरू झाले. पूर्ण उद्ध्वस्त गावे वसविण्याखेरीज तडे गेलेली घरे घरधन्यांनीच दुरुस्त करावयाची होती. रक्कम हप्त्याहप्त्याने मिळे. ह्या कामात प्रेमा गोपालन ह्यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या द्वारे गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. माळवदाचा भार का कमी करावा, भिंतीत आरपार दगड का घालावा, हे त्या शिकल्या व घरोघर समजावू लागल्या. गवंड्याचे ज्ञान व सरकारी हप्ता एकाच वेळी दारी आले, आणि ‘संवाद सहायक’ हे पद कोणाची बायको म्हणून नव्हे, तर कामावरून मिळाले.

पुढे ह्याच संस्थेने अवर्षणग्रस्त गावांत शेतीकडे लक्ष वळविले. घरच्या जमिनीतील अर्धा-एक एकर बाईने कुटुंबाकडून मागून घ्यावा, त्यात कमी पाण्यावर धान्य, कडधान्य व भाजीपाला घ्यावा, खत घरी करावे, अशी ही पद्धत. २०१७ साली संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. परंतु तो एकर मागून घेतलेला आहे, हे विसरता येत नाही. कसण्याचा निर्णय तिचा झाला, तरी तेवढ्याने खाते तिचे होत नाही.

२००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतमजूर, वाटेकरी, कुळे ह्या सर्वांस ‘शेतकरी’ म्हटले. उलट २०१९ साली जाहीर झालेली वर्षास ६,००० रुपयांची केंद्रीय सन्मान निधी योजना जमीनधारक कुटुंबांसाठीच आहे; २०२३ ची राज्याची पूरक योजनाही तिच्याच लाभार्थ्यांस धरून आहे. धोरणाच्या भाषेत शब्द रुंदावला, पैशाच्या भाषेत तो तगाईच्या काळी होता तेथेच आहे. १९९३ नंतरच्या अनुभवावरून इतके निश्चित म्हणता येते की, काम पाहून अधिकार देणे ह्या जिल्ह्यात एकदा शक्य झाले होते. ते शेतीत शक्य व्हावयाचे, तर कसणाऱ्याची नोंद मालकाच्या नोंदीहून वेगळी ठेवावी लागेल.