दुबळें काडतूस आणि स्वयंचलित बंदूक

शस्त्रांचा इतिहास बहुधा वाढत्या सामर्थ्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तोफेचा गोळा अधिक दूर कसा जाऊं लागला, बंदूक मिनिटाला अधिक गोळ्या कशी झाडूं लागली, हेंच त्यांत सांगितलेलें असतें. परंतु यंत्रविद्येचा खरा कस शक्तीच्या विपुलतेंत लागत नाहीं. तो तिच्या टंचाईंत लागतो. याचा उत्तम दाखला पॉइंट टू-टू या नांवानें सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या लहानशा रायफलीच्या इतिहासांत सांपडतो. दुबळें काडतूस घालूनहि ही रायफल आपोआप व बिनचूक चालावी, यासाठीं कारागिरांना जवळजवळ चाळीस वर्षें झगडावें लागलें. ती हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम काडतुसाविषयीं. १८४५ सालीं पॅरिस येथील लुई-निकोला फ्लोबेर या बंदूककारानें टोपीच्या बंदुकीची टोपी घेऊन तिच्याच तोंडांत शिशाची बारीक गोळी बसविली. दिवाणखान्यांत नेमबाजीची करमणूक व्हावी, एवढाच त्याचा हेतु. पुढें १८५७ त अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं याच कल्पनेंत थोडी दारू भरून ‘शॉर्ट’ नांवाचें काडतूस काढलें. त्याची गोळी २९ ग्रेन वजनाची. १८८७ त स्टीव्हन्स कंपनीनें ४० ग्रेन गोळीचें ‘लाँग रायफल’ काडतूस आणलें. ही मोठी गोळीहि पाव तोळा भरत नाहीं! या सर्व काडतुसांत पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कांठांत भरलेला असतो. म्हणून त्यांस ‘रिमफायर’ म्हणतात. कांठ चेपून ठिणगी पाडावयाची असल्यामुळें पुंगळीचा पत्रा पातळच ठेवावा लागतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील अडचणीचें एक मूळ येथें आहे.

हीं काडतुसें स्वस्त होतीं, त्यांचा आवाज बेताचा होता आणि खांद्याला धक्का जवळजवळ बसत नसे. हातानें चालवावयाच्या कित्येक रायफलींत लहानमोठीं सर्व काडतुसें सरमिसळ घातलीं तरी चालत. कारण रिकामी पुंगळी बाहेर काढण्याचें काम माणसाचा हात करी. तेंच काम काडतुसानें स्वतः करावें असें ठरलें, तेव्हां खरा प्रश्न उभा राहिला.

साध्या स्वयंचलित रायफलींत मागचा बोल्ट कशालाहि अडकविलेला नसतो. केवळ त्याचें वजन आणि पाठीमागची स्प्रिंग त्याला जागेवर धरून ठेवतात. गोळी पुढें जाते, पुंगळी मागें रेटली जाते आणि तिच्याबरोबर बोल्ट मागें सरतो. आतां थोडें गणित करूं. जोरदार लाँग रायफलची ४० ग्रेनची गोळी सेकंदास सुमारें १,२५५ फूट वेगानें जाते. शॉर्टची २९ ग्रेनची गोळी सुमारें १,०४५ फूट. वजन व वेग यांचा गुणाकार केला तर शॉर्टचा धक्का दुसऱ्याच्या ६० टक्के भरतो. म्हणजे बोल्टाचा वेगहि स्थूलमानानें ६० टक्केच. परंतु चालत्या वस्तूची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलते, म्हणून स्प्रिंग दाबण्यास उरलेली शक्ति केवळ ३६ टक्के! बोल्ट पुरता मागें येत नाहीं. रिकामी पुंगळी दारांतच चिमटली जाते, किंवा ती कशीबशी बाहेर पडली तरी पुढचें काडतूस उचललें जात नाहीं. बरें, बोल्ट हलका केला आणि स्प्रिंग मऊ केली, तर जोरदार काडतूस घातल्याबरोबर बोल्ट वेळेआधींच उघडून तो पातळ पत्रा फाटण्याची भीति. एकाला सोईचें तें दुसऱ्याला घातक, असा हा पेंच होता.

या पेंचांतून पहिली वाट काढली ती विंचेस्टर कंपनीनें. तिचा कारागीर टॉमस क्रॉसली जॉन्सन यानें १९०३ सालीं जी स्वयंचलित रायफल केली, तिच्यासाठीं कंपनीनें निराळेंच काडतूस बनविलें. बाजारांत त्या वेळीं काळ्या दारूचीं, अर्धधूर दारूचीं व निर्धूर दारूचीं अशीं सर्व प्रकारचीं काडतुसें मिळत. काळ्या दारूची काजळी यंत्रांत साचून तें बंद पडे. म्हणून जुनें काडतूस या रायफलींत बसूंच नये अशी योजना केलेली होती. १९१४ त रेमिंग्टननेंहि आपल्या रायफलीसाठीं असेंच स्वतंत्र काडतूस काढलें. उपाय बिनचूक खरा. पण यंत्राच्या सोईसाठीं माणसानें घरांतलीं काडतुसें टाकून द्यावीं, असा त्याचा अर्थ होता.

प्रख्यात संशोधक जॉन ब्राउनिंग यानें अधिक उदारपणा दाखविला. बेल्जममध्यें १९१४ त निघालेली व १९२२ पासून रेमिंग्टनकडे तयार होऊं लागलेली त्याची सुबक रायफल बाजारांतलींच काडतुसें घेई. मात्र शॉर्टसाठीं एक आणि लाँग रायफलसाठीं दुसरी, असे तिचे वेगवेगळे घाट करावे लागले. पुढें १९३० च्या सुमारास जलद गतीचीं काडतुसें निघालीं, तेव्हां विंचेस्टरनें आपलें खास काडतूस सोडलें. परंतु १९३३ ची तिची नवी रायफल या जलद काडतुसांसाठींच होती. दुबळें काडतूस दाराबाहेरच राहिलें.

दुबळ्या काडतुसाची एवढी मातबरी कशाला, असें कोणी विचारील. स्वस्ताई हें एक उत्तर. दुसरें उत्तर ध्वनीचें आहे. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १,१२५ फूट. गोळी त्याहून जलद गेली तर वाटेनें कडाका उठतो आणि पुढें वेग उतरतांना ती किंचित् डळमळते. म्हणून कसलेला नेमबाज ध्वनीहून मंद गोळीच पसंत करतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या ज्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तींत एकेक काडतूस हातानें भरावें लागतें. तेथें मंद काडतुसानें यंत्र अडण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. मौज अशी कीं, बंदुकीच्या धक्क्यावर तिलाच चालविणारा हायरम मॅक्झिम हा पिता, आणि १९०९ त तिचा आवाज दाबण्याचें पेटंट घेणारा हायरम पर्सी मॅक्झिम हा त्याचा पुत्र. पित्याच्या विद्येला जोर हवा. पुत्राच्या विद्येला मंद गोळी हवी. या दोहोंचें भांडण मिटवावयाचें होतें.

तें मिटविणारा मनुष्य तुरुंगांत घडला. डेव्हिड मार्शल विल्यम्स हा नॉर्थ कॅरोलायनांतील चोरटी दारू गाळणारा. १९२१ त त्याच्या भट्टीवर छापा पडला; त्यांत एक पोलीस अधिकारी मारला गेला आणि विल्यम्सला दीर्घ शिक्षा झाली. तुरुंगाच्या कार्यशाळेंत तो बंदुका जुळवूं लागला; १९२९ त त्याची सुटका झाली. त्याची युक्ति अशी: काडतूस ज्या कोठींत बसतें ती नळीशीं अखंड न ठेवतां त्यानें सुटी केली. गोळी नळींत शिरतांच मागचा वायु या कोठीच्या रुंद तोंडावर दाबतो. पुंगळीच्या बुडापेक्षां हें तोंड मोठें, म्हणून धक्काहि मोठा. कोठी तिळभर मागें सरकते, बोल्टाला हिसडा देते आणि थांबते. कोठी हाच दट्ट्या झाला! अमेरिकन लष्करानें शिकाऊ शिपायांसाठीं हलक्या काडतुसांवर मशीनगन चालविण्यास ही युक्ति घेतली. १९३७ त कोल्ट कंपनीनें ती एका पिस्तुलांत वापरली. आणि १९४१ त रेमिंग्टनच्या ५५० क्रमांकाच्या रायफलींत शॉर्ट, लाँग व लाँग रायफल हीं तिन्ही काडतुसें कांहींहि न बदलतां सरमिसळ चालूं लागलीं.

या मनुष्याभोंवतीं पुढें आख्यायिकांचें वलय उभें राहिलें. १९५२ त त्याच्यावर चित्रपटहि निघाला. त्याच्या बुद्धीचें कौतुक करतांना छाप्यांत मेलेल्या मनुष्याचा विसर पडूं देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. तुरुंगांत विद्या फुलली हें खरें. तिनें अपराध धुऊन निघाला असें मात्र नव्हे. युक्तीलाहि आपली किंमत होती. सुट्या कोठीच्या फटींत काजळी व शिसें साचतें. सफाई चुकली कीं ती अडकून बसते. अलीकडच्या बहुतेक कारखानदारांनीं पुन्हा साधा बोल्ट आणि जोरदार काडतूस हाच सोपा मार्ग धरला आहे.

तरीहि या इतिहासाचा बोध लहान नाहीं. यंत्राला जें मानवतें तेंच माणसानें आणून द्यावें, हा एक पंथ; माणसाजवळ जें आहे त्यावर यंत्रानें चालावें, हा दुसरा. पहिल्यांत कारखानदाराची सोय आहे, दुसऱ्यांत वापरणाऱ्याची. पहिल्याला शक्ति वाढविली कीं पुरतें. दुसऱ्याला थोड्या शक्तीचा कणन् कण कामीं लावण्याची बुद्धि लागते. सबळाच्या जोरावर चालणारीं यंत्रें जगांत पुष्कळ आहेत. दुबळ्यालाहि सामावून घेणारें यंत्र क्वचित् निर्माण होतें, आणि त्याची निगा राखणारे हात तर त्याहूनहि क्वचित् भेटतात.