खिशांतील वीज आणि घरगुती युक्त्या

विजेरीचा प्रकाश मंदावूं लागला म्हणजे तिच्यांतील सेल बाहेर काढून ते दोन-चार तास उन्हांत ठेवावयाचे, ही रीत महाराष्ट्रांतील किती तरी घरांना परिचित आहे. अंगणांत वाळत घातलेल्या पापडांच्या शेजारीं हे सेलहि ओळीनें मांडले जात, आणि संध्याकाळीं ते पुन्हां विजेरींत घातले कीं दिवा थोडा वेळ तरी उजळत असे. या रीतीला हंसण्याचें कारण नाहीं. तिच्या मागें खरें रसायनशास्त्र आहे. परंतु हीच बुद्धि मनांत धरून एखाद्यानें मोबाईल फोनची बॅटरी उन्हांत ठेवली, तर तो तिचें आयुष्य वाढवीत नसून घटवीत असतो. जी युक्ति एका घटाला तारते तीच दुसऱ्याला मारते, असें कां व्हावें? या प्रश्नाच्या उत्तरांत सव्वादोनशें वर्षांचा इतिहास सामावलेला आहे.

रासायनिक क्रियेनें विजेचा अखंड प्रवाह मिळवितां येतो, हें जगाला प्रथम दाखविलें तें इटालींतील पाव्हिया विद्यापीठाचे प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा यांनीं. २० मार्च १८०० रोजीं त्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पत्र लिहून आपल्या नव्या उपकरणाचें वर्णन कळविलें. चांदीची एक चकती, तिच्यावर जस्ताची एक, त्यावर मिठाच्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा, आणि पुन्हां तोच क्रम, अशी ती उतरंड होती. चकत्यांच्या जोड्या वाढविल्या कीं विजेचा दाब वाढे. पण पुठ्ठे सुकले कीं सारी उतरंड निस्तेज होई. त्याच पत्रांत व्होल्टा यांनीं दुसरीहि एक मांडणी सांगितली होती: खाऱ्या पाण्याचे पेले ओळीनें ठेवून ते धातूंच्या पट्ट्यांनीं एकमेकांस जोडावयाचे, म्हणजे पाणी लवकर सुकण्याचें भय नाहीं. बॅटरी अधिक काळ कशी टिकवावी, हा प्रश्न असा बॅटरीच्या जन्माबरोबरच जन्मास आला; आणि त्याचें पहिलें उत्तर ‘पाणी सुकूं देऊं नका’ असें होतें.

पुढें फ्रान्समधील जॉर्ज लेक्लांशे यांनीं १८६६ सालीं जस्त, नवसागर आणि मँगनीज डायऑक्साइड यांचा घट सिद्ध केला. तो कांचेच्या बरणींत असे व त्यांतील द्रव हिंदकळे. जर्मनींतील कार्ल गासनर यांनीं या द्रवाच्या जागीं घट्ट लगदा योजून १८८६ सालीं कोरड्या घटाचें पेटंट घेतलें. जस्ताचें नळकांडें, मध्यें कोळशाची कांडी आणि भोंवतीं काळा मसाला असें त्याचें स्वरूप होतें. विजेरींतील साधा सेल तो हाच. या घटांतून सतत प्रवाह घेतला म्हणजे कांडीच्या आसपास क्रियेंतून निर्माण झालेले पदार्थ सांचतात आणि आंतील विरोध वाढतो. घटाला विश्रांति दिली, त्यांतहि थोडी ऊब दिली, तर हे पदार्थ इतस्ततः पसरतात, विरोध कमी होतो, आणि थकलेला सेल कांहीं काळ पुन्हां काम देतो. उन्हाचा उपाय गुणकारी ठरे तो यामुळें. कोणी सेलला खिळ्यानें भोंके पाडून तो मिठाच्या पाण्यांत बुडवून ठेवीत. वाळलेला लगदा त्यामुळें ओलावे, आणि व्होल्टा यांचाच धडा नकळत गिरविला जाई. अर्थात् या दोन्ही उपायांनीं नवी शक्ति येत नसे. जें जस्त खर्ची पडलें तें उन्हानें परत येत नाहीं. अडून राहिलेला शेवटचा अंश तेवढा मोकळा होई.

पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट ही निराळीच जात. फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं शिसें व गंधकाम्ल यांचा असा घट घडविला. ज्या गांवीं वीज पोंचली नव्हती तेथें रेडिओ ऐकावयाचा तर असा शिशाचा जड घट शहरांत नेऊन भरून आणावा लागे. त्याचे नियम सेलच्या नियमांहून वेगळे होते. हा घट रिकामा ठेवला कीं त्याच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर चढतात व तो कायमचा दुबळा होतो. म्हणून तो सदैव भरलेला ठेवावा आणि आटलेलें पाणी ऊर्ध्वपातित पाण्यानें भरून काढावें, हें ज्ञान घरोघर पसरलें. मोटारगाडीची बॅटरी सांभाळणारे लोक आजहि याच ज्ञानावर चालतात.

तिसरी जात निकेल-कॅडमियमची. स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर यांनीं ती १८९९ सालीं निर्माण केली, आणि हातांत धरावयाचा टेलिफोन प्रथम हिच्याच बळावर बोलूं लागला. ३ एप्रिल १९७३ रोजीं मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून अशा फोनवर पहिलें संभाषण केलें. त्या फोनचें वजन किलोग्रॅमहून अधिक होतें. दहा वर्षांनीं, १९८३ सालीं, त्याच कंपनीचा विक्रीयोग्य फोन तयार झाला. किंमत ३,९९५ डॉलर. भरावयास सुमारें १० तास लागत, आणि बोलणें चाले केवळ अर्धा तास. या घटाला एक विचित्र खोड होती. तो वारंवार अर्धामुर्धा वापरून भरला, तर पुढें तेवढ्याच मर्यादेशीं त्याचा दाब ढासळे, जणूं त्याला आपली संवय स्मरत असे. ‘बॅटरी पूर्ण संपवूनच भरावी’ हा उपदेश येथून निघाला, आणि त्या घटापुरता तो योग्यहि होता.

चौथी आणि आजची जात लिथियमची. एम. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तिचा पाया घातला. जॉन गुडइनफ यांनीं १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र शोधून तिचा दाब वाढविला. जपानमधील अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालीं शुद्ध लिथियम धातूच्या जागीं कार्बन योजून ती सुरक्षित केली. सोनी कंपनीनें १९९१ सालीं ती बाजारांत आणली, आणि या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या घटांत लिथियमचे आयन एका अग्राच्या थरांतून निघून दुसऱ्याच्या थरांत वस्तीस जातात, आणि भरतांना परत येतात. मधला द्रव मात्र पाण्याचा नसून ज्वालाग्राही सेंद्रिय द्रावकाचा असतो. मिठाचें पाणी, खिळा आणि ऊन यांपैकीं एकहि गोष्ट त्याला सोसत नाहीं. उष्णता आणि दीर्घकाळ टिकलेला पूर्ण भरणा यांमुळें कार्बनच्या पृष्ठभागावरील पापुद्रा जाड होत जातो व त्यांत लिथियम कायमचें अडकतें. हा घट तहानलेला नसतो कीं पाणी पाजून ताजा व्हावा; तो वृद्ध होत असतो, आणि वार्धक्य माघारीं फिरत नाहीं.

हिंदुस्थानांत मोबाईल फोनचें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं दिल्लीस बोलणें केलें. पुढील दहा-पंधरा वर्षांत फोन सामान्य कुटुंबांत आला, आणि त्याच्याबरोबर जुन्या युक्त्याहि आल्या. कोणी बॅटरी उन्हांत ठेवी, कोणी ती शीतकपाटांत घाली, कोणी निकेल-कॅडमियमचा नियम स्मरून ती रोज अगदीं शून्यावर नेई. हे सारे उपाय मागल्या पिढीच्या घटांचे होते. शीतकपाटांतून काढलेल्या बॅटरीवर दंव जमतें. गोठणबिंदूच्या खालीं ती भरली तर लिथियम धातुरूपानें सांचतें. आणि तळापर्यंत रिकामी करून तशीच ठेवली तर तिच्यांतील तांब्याचा पत्रा विरघळूं लागतो. लोकांचें ज्ञान खोटें नव्हतें. तें एका पिढीनें मागें राहिलें होतें.

त्याच काळांत एक युक्ति मात्र निर्दोष होती, ती म्हणजे दुसरी बॅटरी बाळगण्याची. फोनचें मागलें झांकण नखानें उघडे. दोन सरकत्या तारांच्या लहानशा चार्जरमध्यें एक बॅटरी भिंतीशीं भरत ठेवावी आणि दुसरी फोनमध्यें असावी, असा क्रम पुष्कळ घरांत चाले. कांहीं फोनांसाठीं जाड बॅटरी व तिच्यासाठीं फुगीर झांकण मिळे. फोन बेढब होई, पण दिवस निभावे. व्होल्टा यांचा दुसरा धडा, शक्ति हवी तर घट वाढवा, येथें सरळ लागू पडत होता.

पुढें झांकणें बंद झालीं, बॅटऱ्या आंत चिकटविल्या गेल्या, आणि हौशी लोकांचा उद्योग फोनच्या बाहेर वळला. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडली कीं १८ मिलिमीटर व्यासाचे व ६५ मिलिमीटर लांबीचे गोल सेल हातीं लागतात. ते समांतर जोडावे, म्हणजे धन धनाशीं व ऋण ऋणाशीं, तर धारणाशक्तीची बेरीज होते व दाब तितकाच राहतो. एकापुढें एक जोडावे तर दाबाची बेरीज होते व धारणाशक्ति तितकीच राहते. एवढें गणित समजलें कीं घरच्या घरीं पॉवरबँक बांधण्याचा मोह होतो. त्या गणितांतहि एक फसवणूक दडलेली असते. १०,००० मिलि-अँपिअर-तासांची पॉवरबँक ३·७ व्होल्टांच्या हिशोबानें ३७ वॅट-तासांची भरते. ५ व्होल्टांनीं बाहेर देतांना त्याच शक्तीचे ७,४०० मिलि-अँपिअर-तासच होतात, आणि त्यांतूनहि कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें जातो.

परंतु अपेक्षाभंगापेक्षां मोठा धोका दुसरा आहे. निरनिराळ्या वयाचे व निरनिराळ्या दाबाचे सेल एकत्र बांधले तर भरलेल्या सेलांतून रिकाम्या सेलांत प्रचंड प्रवाह धांवतो. डाग देण्याच्या लोखंडाची उष्णता आंतील पातळ पडद्याला इजा करते. दोन अग्रांमधील तो पडदा फाटला कीं आंतल्या आंत जोड होतो, उष्णता उष्णतेला वाढविते, आणि आग लागते. ही भीति केवळ अडाण्यांसाठीं नाहीं. २००७ सालीं नोकिया कंपनीला एका प्रकारच्या ४ कोटि ६० लक्ष बॅटऱ्यांविषयीं ग्राहकांस सूचना देऊन त्या बदलून देण्याचें जाहीर करावें लागलें. त्या मात्सुशिता कंपनीनें बनविलेल्या होत्या व भरतांना तापण्याचा त्यांत संभव होता. २०१६ सालीं सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ हा फोन ऑगस्ट महिन्यांत बाजारांत आला, सप्टेंबरांत परत मागविला गेला, आणि ऑक्टोबरांत कायमचा बंद झाला. कांहीं बॅटऱ्यांचे कोपरे आंत दबलेले होते, तर कांहींच्या जोडांवर धातूचे कंगोरे राहिले होते. जेथें केंसाएवढ्या उणिवेनें मोठ्या कारखान्यांची त्रेधा उडते, तेथें स्वयंपाकघराच्या ओट्यावर बांधलेल्या जुडग्याचा भरंवसा कोणी द्यावा? संरक्षक मंडल नसलेला जुना सेल रात्रीं उशाशीं भरत ठेवणें म्हणजे निखारा राखेंत झांकून झोंपणेंच होय. आणि फुगलेली बॅटरी टोंचून तिच्यांतील वायु सोडूं पाहणें हें त्याहूनहि वाईट. तेथें जुन्या खिळ्याच्या युक्तीचा शेवट ज्वालेंत होतो.

मग गृहस्थाच्या हातीं कांहींच उरलें नाहीं काय? तसें नाहीं. बॅटरीच्या पोटांतून जास्त शक्ति काढतां येत नसली, तरी आहे ती राखतां येते. फोन ऊन्हांतील मोटारींत वा उशीखालीं तापूं न देणें, रोजचा वापर साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणें, पडद्याचा उजेड कमी करणें, पुष्कळ दिवस ठेवून द्यावयाचा फोन निम्मा भरून ठेवणें, हे आजच्या घटाचे खरे घरगुती उपाय होत. सुमारें ५०० वेळां पूर्ण भरून रिकामी झालेली बॅटरी सर्वसाधारणपणें मूळच्या चार-पंचमांश शक्तीवर येते. ती मर्यादा गांठावयास किती वर्षें लागावींत, हें बरेंचसें मालकाच्या हातीं असतें. आणि ती गांठल्यावर एकच उपाय राहतो, तो म्हणजे बॅटरी बदलणें.

येथेंच हा इतिहास पुन्हां घरापाशीं येऊन ठेपतो. फोनांची झांकणें बंद झाल्यापासून बॅटरी बदलण्याचें काम गृहस्थाच्या हातून गेलें, आणि धड चालणारा फोनहि केवळ थकलेल्या बॅटरीपायीं टाकून दिला जाऊं लागला. युरोपीय संघानें २०२३ सालीं बॅटऱ्यांविषयीं जो कायदा केला, त्यांत लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढतां व बदलतां आली पाहिजे, असें तत्त्व घातलेलें असून त्याच्या अंमलासाठीं १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख नेमलेली आहे. नखानें उघडणारें तें जुनें झांकण या मार्गानें कांहीं प्रमाणांत परत येऊं शकेल.

अंगणांत सेल वाळत घालणाऱ्या गृहिणीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण आपल्या घटाचा स्वभाव तिनें अनुभवानें ओळखला होता. तिची युक्ति आज निरुपयोगी झाली, ती नजर मात्र निरुपयोगी झालेली नाहीं. प्रत्येक घटाचा धर्म वेगळा असतो. ज्याचा धर्म जाणला त्याचीच सेवा नीट करतां येते.