दगडाखालचं सोनं

मॉरिशसमधल्या आम्हा मराठ्यांची आडनावं ऐकून रत्नागिरीचा माणूस बुचकळ्यात पडतो. कुणी रामजी, कुणी सखाराम. बंदरावरच्या कारकुनानं नाव विचारलं, बापाचं विचारलं, कानाला आलं तसं लिहून घेतलं. पणजोबांचं पाळण्यातलं नाव पतवंडांचं आडनाव झालं ते असं. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या नोंदवह्या आजही आहेत. त्यांत गाव, जात, उंची, अंगावरची खूण आणि प्रत्येकाचा क्रमांक आहे. 1860च्या दशकापासून तर फोटोही आहेत.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यापाशी सासूकडून आलेल्या गोष्टी होत्या. पहिली गोष्ट ठरलेली. मुंबईकडच्या भरतीवाल्यानं सांगितलं म्हणे, त्या बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं. ‘उलटले रे बाबा, सगळे उलटले,’ आजी म्हणायची. ‘सोनं निघालं, पण ते साहेबाच्या घरात.’ हे बेट ज्वालामुखीचं. जमीन काळ्या खडकांनी भरलेली. ते उपसून रचलेले ढीग अजून उसाच्या शेतांत उभे आहेत.

ऊस आणला डचांनी, 1639मध्ये, जावाहून. डोडो पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला आणि 1710मध्ये तेही बेट सोडून गेले. मागून फ्रेंच आले. 1810मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच कायदे आणि भाषा तशीच राहू दिली. राज्य इंग्रजांचं, मळे फ्रेंचांचे, घाम आमचा. 1834नंतरच्या साताठ दशकांत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर करारावर इथं उतरले.

‘एक दिवस ताप आला तर दोन दिवसांची मजुरी जायची,’ हे आजीचं दुसरं पालुपद. मळ्यावरची ही ‘डबल कट’ इतिहासाच्या पुस्तकांतही आहे. करार संपलेल्यांची सुटका तरी कुठं होती? 1867च्या कायद्यानं त्यांच्या खिशात फोटो लावलेला पास आला. तो जवळ नसला की पोलीस पकडायचे. 1871मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या जर्मन वंशाच्या मळेवाल्यानं मजुरांच्या वतीनं अर्ज लिहिला. त्यावर 9,401 जणांची नावं होती. बाकीचे मळेवाले त्याच्यावर उलटले, पण 1872मध्ये चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावंच लागलं.

आजीचा चेहरा उजळायचा तो गणपतीच्या गोष्टीला. हेन्रिएटा गावात 1896मध्ये या बेटावरचा पहिला गणपती बसला असं मानतात. आज आम्ही मराठी इथं मूठभर आहोत, तरी गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. मिरवणुकीपुढे नाचतात ती आमची झाकरी. कोकणातल्या माणसाला त्यात आपली जाखडी ओळखू येईल.

आमच्या शेजारी एक क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातले, म्हातारे राहायचे. त्यांना आम्ही ‘तोंतों’ म्हणजे काका म्हणायचो. त्यांच्याकडे ल मॉर्न डोंगराची गोष्ट होती. पळून गेलेले गुलाम त्या कड्यावर लपले होते. एके दिवशी खालून शिपाई येताना दिसले. पुन्हा पकडले जाण्यापेक्षा मरण बरं, म्हणून गुलामांनी उड्या टाकल्या. शिपाई मात्र गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन आले होते. ही दंतकथा असली तरी बेटावर ती सगळ्यांना तोंडपाठ आहे.

लहानपणी आजीची गोष्ट आमची आणि तोंतोंची गोष्ट त्यांची, असंच आम्ही धरून चाललो. तारखा शेजारी ठेवल्या की ती वाटणी टिकत नाही. ‘अॅटलस’ जहाजातून 36 मजूर उतरले ते 2 नोव्हेंबर 1834ला. गुलामगिरी संपली 1 फेब्रुवारी 1835ला. मालकांना वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली, गुलामांना छदामही नाही. ते मोकळे होणार म्हणूनच आमचे आणले गेले. मजूर जिथं उतरायचे तो आप्रवासी घाट 2006मध्ये जागतिक वारसा ठरला, ल मॉर्न 2008मध्ये.

मजूर उतरले तो आणि गुलामगिरी संपली तो, असे दोन्ही दिवस आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचे आहेत. इथल्या मराठी आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे: मुलांना 2 नोव्हेंबरची गोष्ट सांगाल तेव्हा 1 फेब्रुवारीची गाळू नका. एकीवाचून दुसरी अर्धीच राहते.